बेटावरच्या पोरांचं मैदान

मंडळी, खान्देशात बेटं कुठून आली? नर्मदाकाठच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत जा. 1 जुलै 1998 ला नंदुरबार वेगळा होईपर्यंत हा मुलूख आपल्या धुळे जिल्ह्यातच होता.

सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्राची 33 गावं आली. पाणी चढत गेलं तशा काही टेकड्या चहूबाजूंनी वेढल्या गेल्या. बाजाराला जायलाही बोट लागू लागली. डोंगरात सपाट जागा मुळात थोडी, ती नदीकाठी. तीच आधी बुडाली. पोरांनी खेळायचं कुठं?

1979 च्या नर्मदा पाणी तंटा लवादानं याचा विचार केला होता बरं का! विस्थापितांच्या नव्या वसाहतीत शाळा, दवाखाना, विहीर यांच्याबरोबर दर 500 कुटुंबांमागे एक बालोद्यान, असं निवाड्यात लिहिलंय. म्हणजे खेळ ही चैन नाही, सोय आहे, हे कागदावर तेव्हाच मान्य झालं. पण ते वसाहतीसाठी. जे डोंगरावरच राहिले, त्यांचं काय?

त्यांनी स्वतःच सुरुवात केली. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाओ आंदोलनानं गावकऱ्यांसोबत जीवनशाळा काढल्या. या शाळांच्या बालमेळ्यात गावोगावची पोरं जमतात. कबड्डी, खो-खो, धावण्याच्या शर्यती रंगतात.

याच पाण्यावरून सरकारचा तरंगता दवाखाना पाड्यांपर्यंत गेला. मग बोटीतून क्रीडाशिक्षक आणि खेळाचं साहित्य का जाऊ नये? तालुक्याच्या गावी संकुल बांधून बेटावरच्या पोराला मैदान मिळत नाही, भाऊ.