शाळा आणि महाविद्यालय यांमधील उंबरठा : ठाकूरद्वार परिसराच्या आधारे एक विचार

१

शाळेत शिकत असतानाच विद्यार्थ्याने महाविद्यालयीन अभ्यासाचा काही भाग पुरा करावा आणि तो पुढे पदवीसाठी जमेस धरला जावा, ही कल्पना सामान्यतः अमेरिकन समजली जाते. ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेच्या पहिल्या परीक्षा तेथे १९५६ साली झाल्या, हे खरे आहे. परंतु तिच्या मुळाशी असलेला प्रश्न, म्हणजे शाळा कोठे संपते आणि महाविद्यालय कोठे सुरू होते हा प्रश्न, मुंबईत त्यापूर्वी शंभर वर्षे उभा राहिला होता. त्याला येथे कोणते उत्तर मिळाले आणि त्या उत्तराचा भार कोणावर पडला, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

या विचारासाठी ठाकूरद्वार हे ठिकाण सोयीचे आहे. तेथून उत्तरेस पायी जाता येण्याजोग्या अंतरावर चौपाटीसमोर विल्सन महाविद्यालय आहे. दक्षिणेस धोबीतलावाजवळ १८६९ साली स्थापन झालेले सेंट झेवियर महाविद्यालय आहे. यांपैकी विल्सन महाविद्यालयाचा उगम डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली काढलेल्या शाळेत आहे. चौपाटीवरची इमारत १८८९ ची. धोबीतलावावर तर झेवियरची शाळा व महाविद्यालय ही दोन्ही शेजारी शेजारीच आहेत. तात्पर्य, या भागातील महाविद्यालये शाळांच्या सहवासात, किंबहुना त्यांच्या पोटातूनच, वाढली.

२

एल्फिन्स्टन संस्थेचे उदाहरण याहून बोलके आहे. १८४० साली नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळा आणि एल्फिन्स्टन प्राध्यापकांचे वर्ग एकत्र करण्यात आले. त्यानंतर सुमारे सोळा वर्षे शालेय व उच्च शिक्षण एकाच संस्थेत चालले. दादाभाई नौरोजी हे याच संस्थेचे विद्यार्थी. १८५० साली ते तेथेच साहाय्यक प्राध्यापक झाले. शाळकरी मुलगा कोणत्या दिवशी महाविद्यालयीन विद्यार्थी झाला, हे सांगण्याची गरज अशा व्यवस्थेत फारशी पडत नव्हती. तयारी झाली की वरच्या वर्गात जावे, एवढेच पुरेसे होते.

१८५६ साली महाविद्यालय शाळेपासून वेगळे करण्यात आले. पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजेच मॅट्रिक्युलेशन, घेतली गेली. महादेव गोविंद रानडे हे त्या परीक्षेचे विद्यार्थी. १८६२ साली जे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत रानडे यांच्याबरोबर रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे होते. भांडारकरांचा मुंबईतील विद्याभ्यास विद्यापीठाच्या स्थापनेपूर्वीच सुरू झाला होता, हे येथे लक्षात घेणे अगत्याचे आहे. जे आधी शिकून झाले ते बुद्धीच्या भांडवलात राहिले. विद्यापीठाच्या वहीत मात्र हिशेब प्रवेशपरीक्षेच्या दिवसापासून सुरू झाला. उंबरठा बांधला गेला तो येथे.

३

हा उंबरठा पुढे हलला, परंतु कधी विरघळला नाही. १९४९ पासून मुंबई राज्यात शालान्त परीक्षा स्वतंत्र मंडळाकडे आली. अकरावीनंतर ती देऊन विद्यार्थी महाविद्यालयात चार वर्षे काढीत असे. कोठारी आयोगाने १९६४–६६ मध्ये १०+२+३ या आकृतिबंधाची शिफारस केली. महाराष्ट्रात नव्या दहावीची परीक्षा १९७५ मध्ये व बारावीची १९७७ मध्ये प्रथम झाली. बेरीज करून पाहिली तर अकरा अधिक चार म्हणजे पंधरा, आणि दहा, दोन व तीन मिळूनही पंधराच. विद्यार्थ्याचे एकही वर्ष वाचले नाही. पूर्वी विद्यापीठाकडे असलेले एक वर्ष मंडळाच्या हाती गेले, इतकेच.

या बदलातून एक मजेदार द्विरुक्ती जन्मास आली. अकरावी-बारावीचा वर्ग शाळेला जोडलेला असला तर ‘उच्च माध्यमिक’, महाविद्यालयाला जोडलेला असला तर ‘कनिष्ठ महाविद्यालय’. अभ्यासक्रम एक, परीक्षा एक, नावे दोन. बोलीत मात्र निकाल केव्हाच लागला: दहावी झालेला गिरगावातील मुलगा ‘कॉलेजात जातो’. तो बाकावर महाविद्यालयाच्या बसतो, पण हिशेबाने शाळेतच असतो.

४

भाषेची साक्ष येथेच संपत नाही. मुंबई विद्यापीठाच्या परिभाषेतून मराठीत रुळलेला जुना प्रयोग ‘टर्म भरणे’ हा आहे. त्यात मोजला जातो तो काळ. ए.टी.के.टी., म्हणजे काही विषय राहिले असताही पुढील टर्म भरण्याची मुभा, हे त्याचेच अपत्य. मागे राहिलेल्याला पुढे बसू देण्याची सोय आपल्या व्यवस्थेने अशी करून ठेवली. पुढे गेलेल्याचे काम जमेस धरण्याची सोय तिला सुचली नाही.

‘श्रेयांक’ हा नवा शब्द यासाठी महत्त्वाचा. इंग्रजी ‘क्रेडिट’ शब्दात प्रशंसा आणि जमाखर्चातील ‘जमा’ असे दोन अर्थ आहेत. मराठी परिभाषेने पहिला उचलला. व्यवहार मात्र दुसऱ्याचा आहे. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची पेढी नियमबद्ध केली. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शालेय शिक्षणही त्याच मापात आणले: वर्षाला १२०० अध्ययन-तास व ४० श्रेयांक. त्यात बारावीची पातळी ४ आणि पदवीच्या पहिल्या वर्षाची ४.५ अशी आहे. दीडशेहून अधिक वर्षांचा उंबरठा अर्ध्या अंकावर आला, असे वरकरणी वाटते. परंतु श्रेयांक मिळणे आणि ते पदवीसाठी स्वीकारले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट पदवी देणाऱ्या संस्थेच्या नियमांवर अवलंबून राहते.

हा प्रश्न केवळ परिभाषेचा नव्हे. चाळीतील एका खोलीत अभ्यास करून जो विद्यार्थी वर्षभर पुढे गेला आहे, त्याला तेच पुन्हा शिकण्यासाठी शुल्क भरावे लागते आणि घराला लागणारी त्याची कमाई तितकी लांबते. संपन्न घराला एखादे वर्ष जड जात नाही. त्या घराला जाते. म्हणून उंबरठा कोठे असावा, यावर शंभर वर्षे झालेल्या चर्चेपेक्षा तो ओलांडताना हातातले काय बरोबर नेता येते, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. १८४० च्या एल्फिन्स्टन संस्थेत तो विचारावाच लागत नव्हता. नव्या श्रेयांकपद्धतीचे यशापयश याच कसोटीवर ठरेल.