नाणेघाटापासून विमानतळापर्यंत

कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे जाणारा रस्ता ओतूर मागें टाकून पिंपरी पेंढारला येतो. येथील शेतकऱ्यानें मान वर केली तर आकाशांतून जाणारें विमान त्यास दिसतें; पण त्यांत बसावयाचें तर आधीं पुण्याजवळ लोहगांवास जावें लागतें. वाहतूक डोक्यावरून जाणें आणि ती दारीं थांबणें, या दोहोंत किती अंतर आहे हें जुन्नरचा इतिहास पाहणारास चांगलें उमगतें.

सातवाहनकाळीं ती दारीं थांबत होती. सोपारा व कल्याण या बंदरांचा माल नाणेघाट चढून जुन्नरमार्गें प्रतिष्ठानाकडे जाई. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीचा म्हणून आजहि दाखविला जातो. जुन्नरभोवतालच्या लेण्यांतील दानलेखांत कारागिरांच्या श्रेणींचा आणि यवन दात्यांचा उल्लेख आहे. व्यापारी येथें उतरे, खरेदी-विक्री करी, दानधर्म करी. म्हणून नगर संपन्न झालें. केवळ वाटेवर असल्यानें तें झालें नाहीं.

आकाशमार्गाचा इतिहास मात्र समुद्रकांठीं सुरू झाला. मुंबईस जुहूचें विमानस्थानक १९२८ सालीं निघालें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें टपाल घेऊन तेथें विमान उतरविलें, आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें टपाल पुढें बेल्लारीवरून मद्रासेस नेलें. परंतु पावसाळ्यांत जुहूची जमीन चिखलमय होई. तेव्हां त्या चिमुकल्या टपालसेवेस आपलें बिऱ्हाड पुण्यास हलवावें लागे. म्हणजे विमान आलें तरी घाटमाथ्याची गरज संपली नाहीं.

सह्याद्रीचा धाकहि संपला नाहीं. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीं बँकॉकहून मुंबईस येणारें अलिटालिया कंपनीचें विमान जुन्नर परिसरांतील डोंगरावर आदळलें आणि त्यांतील ९४ ही माणसें मृत्युमुखीं पडलीं. मुंबई आहे त्याहून जवळ आली असें समजून वैमानिक वेळेपूर्वीं खालीं उतरूं लागला, असा चौकशीचा निष्कर्ष होता. नाणेघाटांतला वाटाड्या हें अंतर पायांनीं ओळखी. यंत्रयुगांत तेंच अंतर चुकलें.

पुण्याचें लोहगांव हा मूळचा दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास उभारलेला लष्करी तळ. नागरी प्रवाशांस तेथें पाहुण्यासारखी जागा मिळाली. म्हणून स्वतंत्र विमानतळाचा विचार निघाला, आणि कित्येक वर्षें आपल्या शेजारच्या खेड तालुक्याचें नांव घेतलें जात होतें. शेतकऱ्यांनीं विरोध केला. २०१६ सालीं शासनाची दृष्टि पुरंदराकडे वळली. तेथील सात गांवांनींहि तोच विरोध मांडला. विमानतळ सर्वांस हवा, पण आपल्या वावरांत नको, असें म्हणून शहरी वाचक हंसतील. त्यांनीं इतकें ध्यानांत घ्यावें, कीं विमानाचें तिकीट हरवलें तर दुसरें मिळतें. गेलेली बागायत मिळत नाहीं.

याच काळांत लहान शहरांकरितां ‘उडान’ योजना आली. सुमारें तासाभराच्या प्रवासास निम्म्या आसनांचें भाडें २५०० रुपयांपुरतें बांधून द्यावयाचें आणि कंपनीची तूट तीन वर्षें सरकारनें भरावयाची, असें तिचें मूळ स्वरूप होतें. मुदत सरली तसे कित्येक मार्ग बंद पडले. शिर्डीचा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजीं काकडी गांवीं उघडला. त्यास मात्र प्रवाशांची उणीव भासली नाहीं, कारण यात्रा तेथें आधींच होती. विमानानें यात्रा निर्माण केली नाहीं. यात्रेनें विमान ओढून आणलें.

तेव्हां खेडचा विमानतळ गेला म्हणून जुन्नरकरांनीं हळहळावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. जुन्नरचीं द्राक्षें आणि ओतूरचा कांदा दूरच्या बाजारीं जावा ही इच्छा रास्त आहे. पण त्यास प्रथम शीतगृह, चांगला रस्ता आणि खात्रीचा भाव हवा. सातवाहनांच्या काळीं घाट खोदण्यापूर्वीं दोन्ही बाजूंस बाजार होते. आधीं धावपट्टी आणि मग बाजार, हा क्रम नाणेघाटानें आपणांस शिकविलेला नाहीं.