वसाम्ल सिंथेज जीनाचे शमन व व्हायरस-वाहक

मानवी कोशिकेत पामिटिक अम्ल हे १६ कार्बन अणूंचे वसाम्ल तयार करणाऱ्या एंझाइमास वसाम्ल सिंथेज म्हणतात. त्याचा जीन १७ व्या गुणसूत्रावर आहे. स्तन, पुरःस्थ ग्रंथी इत्यादींच्या अनेक कर्करोगांत हे एंझाइम विपुल आढळते. म्हणून हा जीन निष्क्रिय केल्यास काय होते, या प्रश्नास महत्त्व आले.

अँड्रू फायर व क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये, द्विसूत्री आरएनए टोचल्यास सूत्रकृमीतील तदनुरूप जीनाचे शमन होते, असे दाखविले (नोबेल पारितोषिक, २००६). टोमास टुशल व त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये सु. २१ घटकांचे आरएनए तुकडे वापरून सस्तन प्राण्यांच्या कोशिकांतही हे साध्य केले. अशा तुकड्यांनी २००३ मध्ये पुरःस्थ कर्करोगाच्या कोशिकांतील वसाम्ल सिंथेजाचे शमन केले असता त्यांची वाढ खुंटली व त्या मरू लागल्या.

कोशिकाविभाजनाबरोबर हे तुकडे विरळ होत जात असल्याने परिणाम अल्पकाळ टिके. म्हणून केसांच्या आकड्याप्रमाणे दुमडणारा आरएनए निर्माण करणारा क्रम व्हायरसांद्वारे कोशिकेत पोहोचविण्यात येऊ लागला. लेंटिव्हायरस-वाहक हा क्रम कोशिकेच्या डीएनएमध्ये कायमचा जोडतो.

तथापि २००६ मध्ये मार्क के यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवर तपासलेल्या ४९ ॲडिनो-संबद्ध व्हायरस-वाहकांपैकी ३६ मुळे यकृतास इजा झाली व त्यांतील २३ प्राणघातक ठरले. बाहेरील आरएनएच्या अतिरेकाने कोशिकेची स्वतःची सूक्ष्म-आरएनए यंत्रणा अडते, असा निष्कर्ष निघाला. त्यामुळे शमनाचा परिणाम व वाहकाचा अपाय वेगळे ओळखण्यासाठी मात्रा मर्यादित ठेवणे आणि असंबद्ध क्रमाच्या वाहकाशी तुलना करणे आवश्यक ठरते.