माल्ट अर्कापासून घरगुती बिअर

माल्ट अर्कापासून घरगुती बिअर म्हणजे सातूच्या माल्टचा घट्ट केलेला अर्क, साखर, पाणी व यीस्ट वापरून घरी आंबवलेली बिअर होय. तयार संचात बहुधा हॉप्स मिसळलेल्या अर्काचा सुमारे १.७ किलोग्रॅमचा डबा व कोरड्या यीस्टची पुडी असते. त्यात सुमारे १ किलोग्रॅम साखर घातल्यास २३ लिटर बिअर तयार होते व तिच्यात आकारमानाने सुमारे ४ टक्के अल्कोहोल असते. अधिक तीव्र बिअरसाठी या कृतीत बदल केले जातात.

इतिहास

ब्रिटनमध्ये १८८० पासून घरी बिअर बनवण्यासाठी परवाना लागत असे. अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी १९६३ मध्ये ही अट रद्द केली. अमेरिकेत १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने संघराज्य पातळीवर घरगुती बिअरला मुभा मिळाली.

तत्त्व

यीस्ट शर्करेचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करते. त्यामुळे द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व घटते; ते हायड्रोमीटरने मोजतात. आरंभीच्या व अखेरच्या मापांतील फरकास १३१ ने गुणल्यास अल्कोहोलचे अंदाजे प्रमाण मिळते. उदा., गुरुत्व १.०५० वरून १.०१० वर आल्यास ते सुमारे ५.२ टक्के असते.

तीव्रता वाढवण्याच्या पद्धती

* पाणी कमी करणे : तेच घटक २३ ऐवजी १८ लिटर पाण्यात वापरल्यास अल्कोहोलबरोबर चव व कडवटपणाही वाढतो.
* साखर वाढवणे : २३ लिटरमध्ये ५०० ग्रॅम साखर वाढवल्यास अल्कोहोल सुमारे सव्वा टक्क्याने वाढते. मात्र साखर जवळजवळ पूर्ण आंबत असल्याने बिअर पातळ व कोरडी लागते.
* माल्ट अर्क वाढवणे : अर्कातील काही शर्करा आंबत नाहीत, त्यामुळे बिअरला भरीवपणा येतो. हॉप्सयुक्त दुसरा डबा घातल्यास कडवटपणा दुप्पट होतो. म्हणून हॉप्सविरहित अर्क वापरणे सोयीचे ठरते.

यीस्ट व तापमान

दाट द्रावणात यीस्टवर ताण येतो. संचातील छोटी पुडी अपुरी पडल्यास आंबण्याची क्रिया अर्धवट थांबू शकते. म्हणून यीस्टचे प्रमाण वाढवतात. एल प्रकारच्या यीस्टसाठी १८ ते २० अंश सेल्सिअस तापमान सामान्यतः योग्य असते. त्याहून बऱ्याच अधिक तापमानात उच्च अल्कोहोले तयार होऊन चव उग्र बनते.

सुरक्षितता

सर्व भांडी निर्जंतुक असणे आवश्यक असते. सलग दोन-तीन दिवस गुरुत्व स्थिर राहिल्यावरच बिअर बाटल्यांत भरतात व फेसासाठी दर लिटरला ६ ते ७ ग्रॅम साखर घालतात. बुडबुडे थांबणे ही आंबणे पूर्ण झाल्याची खात्रीची खूण नव्हे. शर्करा शिल्लक असताना बाटली बंद केल्यास वायूच्या दाबाने ती फुटून गंभीर इजा होऊ शकते.

कायदेशीर स्थिती

घरगुती बिअरविषयीचे नियम देशागणिक भिन्न आहेत. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याविना मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे.