बसणाऱ्यांचा खेळ: बीडची मुलं, खो-खो आणि संघ बांधण्याची गोष्ट

खेळाच्या बातम्यांत बीड जिल्हा आला की हल्ली दोन नावं निघतात. स्टीपलचेस धावणारा मांडव्याचा अविनाश साबळे, आणि २०२४ च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात ९६ धावा काढणारा सचिन धस. दोघांचं कौतुक आहेच. पण आज आपल्याला बोलायचंय ते बसणाऱ्यांबद्दल, म्हणजे खो-खोबद्दल. मुलांना वृत्ती, एकाग्रता, संघभावना शिकवली पाहिजे असं प्रत्येक प्रशिक्षक म्हणतो. ती शिकवतात कशी, आणि आमच्याकडे शिकवताना आडवं काय येतं, एवढंच आज बघू.

खेळ जुना, पण नियमांत बांधलेला खो-खो तसा अलीकडचा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये नियम केले, पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३५ मध्ये नियमावली छापली. हे नियम आपण पंचाच्या नजरेने वाचतो. प्रशिक्षकाच्या नजरेने वाचून बघा. पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ जण मैदानात, त्यातले आठ बसलेले. एकाचं तोंड इकडे, शेजारच्याचं तिकडे. पाठीवर हात पडून ‘खो’ ऐकू येईपर्यंत उठायचं नाही. उठल्यावर एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळायचं नाही. आणि ज्याने खो दिला त्याने मुकाट्याने उठलेल्याच्या जागेवर बसायचं. म्हणजे धावणं थोडं आणि वाट बघणंच जास्त!

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्येही नऊच खेळाडू, आणि तिथेही बहुतेकांच्या वाट्याला चेंडूची वाट बघणं. विल्यम्सपोर्टला १९३९ मध्ये कार्ल स्टॉट्झ यांनी लहान मुलांसाठी लिटल लीग सुरू केली, पहिल्या हंगामात तीनच संघ होते. लांब कडेला उभ्या असलेल्या पोराचं लक्ष कसं टिकवायचं, हा प्रश्न तिथल्या प्रशिक्षकालाही चुकत नाही. फरक इतकाच की तिथला पोरगा निदान समोर बघत उभा असतो. आमचा पाठमोरा बसलेला असतो आणि खेळ कधीकधी त्याच्या पाठीमागे चाललेला असतो.

म्हणून आम्ही मैदानावर नवीन पोरांना पहिले काही दिवस पळवतच नाही. नुसतं बसवतो. मध्येच शिट्टी मारायची आणि विचारायचं, “तुझ्या मागे आत्ता कोण आहे? संरक्षक साखळी खेळतोय का गोल?” सुरुवातीला उत्तरं येत नाहीत. पंधरा दिवसांनी येतात. एकाग्रता म्हणतात ती हीच, डोळे मिटून बसायची नव्हे.

वृत्तीचं दुखणं वेगळं. जोरात पळणाऱ्या पोराला खो द्यायला आवडत नाही. गडी हाताशी आलाय, मीच शिवतो, असं त्याला वाटतं. मग संरक्षक खांबापाशी हुलकावणी देऊन निसटतो. शिवाय गुणपत्रकावर गुण लागतो तो शिवणाऱ्याच्या नावावर. वेळेवर खो कुणी दिला हे कागदावर कुठेच नसतं. आम्ही सरावाच्या वहीत त्यासाठी वेगळा रकाना आखला होता, चांगल्या खोचा. पोरं आपला आकडा बघायला रोज धावत यायची, मग लक्षात आलं की त्यातही स्पर्धा लागली! असो.

आता बीडकडे. पुण्यात नियम तयार होत होते तेव्हा बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, ते थेट सप्टेंबर १९४८ पर्यंत. पण आमच्या संघांना खरा धक्का बसतो तो इतिहासातल्या सरहद्दीचा नाही, उसाच्या हंगामाचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं कोल्हापूर, सांगली, सातारा, कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. लहान भावंडं सांभाळायला थोरली पोरगी सोबत. ही पोरगीच बहुधा संघातली चपळ असते, कारण घरात सगळी धावपळ तिनेच केलेली.

एका वर्षी तालुक्याला जिंकलेला आमचा मुलींचा संघ जिल्ह्याच्या सामन्याला गेला तेव्हा बारापैकी पाच जणी ट्रकमध्ये बसून निघून गेल्या होत्या. उरल्या सात, मैदानात लागतात नऊ. आम्ही आठवीतल्या दोघी घेतल्या, ज्यांनी तोवर नुसते चौकोन आखले होते. हरलो, सपशेल हरलो. पण त्यातली एक सामन्यानंतर म्हणाली, “सर, मला खो कुणीच दिला नाही.” खरं होतं. बाकीच्या सात जणी तिच्या चौकोनावरून पुढे जात होत्या. तिच्यावर भरवसा ठेवायला आम्ही त्यांना शिकवलंच नव्हतं. आम्ही बारा जणींचा संघ म्हणत होतो, प्रत्यक्षात सरावात रोज त्याच नऊ बसवत होतो.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. रोज जागा फिरवायच्या, म्हणजे कुणीही कुणालाही खो देईल. आणि ऑगस्टमध्येच पालकांच्या घरी जायचं. आजी गावात राहणार असेल, हंगामी वसतिगृहाची सोय होत असेल, तर पोरगी मागे ठेवा म्हणून विनवायचं. काही आयांनी ऐकलं. काहींनी विचारलं, “गुरुजी, बारक्याला कोपीवर कोण बघंल?” याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

१९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८–४० असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे, मूळची केज तालुक्यातली. खेळ मात्र घडला पुण्याकडे. दुसऱ्या दिवशी आमच्या मैदानावर पोरींनी तिचं नाव चुन्याने लिहिलं होतं. त्या दिवशी सरावाला सहा जणी होत्या. मधले तीन चौकोन रिकामे ठेवून खेळलो.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघापासून हात वर केलाय.