गॅरेजचा लघुदेखावा

गॅरेजचा लघुदेखावा : मोटारदुरुस्तीच्या जागेची, तिथली हत्यारे, डाग आणि अडगळ यांसह ठरावीक प्रमाणात लहान करून मांडलेली त्रिमित प्रतिकृती. छंद जोपासणारे तिला ‘डायोरामा’ म्हणतात. मराठीत ‘देखावा’ हा शब्द गणेशोत्सवामुळे घराघरांत पोहोचलेला आहे आणि तोच इथे अधिक नेमका बसतो. प्रस्तुत नोंदीत टाकाऊ वस्तूंतून केलेल्या देखाव्याचा विचार केला असून नमुना म्हणून संयुक्त अरब अमिरातींतील हमरिया फ्री झोन हा औद्योगिक परिसर घेतला आहे.

मॉडेल आणि देखावा यांत फरक आहे. मॉडेल म्हणजे एक वस्तू, बहुधा गाडी. देखावा म्हणजे त्या वस्तूभोवतीची जागा आणि तिथे थोड्या वेळापूर्वी घडून गेलेले काम. जॅकवर चढवलेले एक चाक, खाली काढून ठेवलेले नट, शेजारी अर्धा प्यालेला चहा एवढे दिसले, तरी माणूस कुठेतरी जवळच आहे हे कळते. म्हणून गॅरेजच्या देखाव्यात गाडी दुय्यम असते. चकचकीत गाडी मधोमध ठेवून भोवती स्वच्छ भिंती उभ्या केल्या तर ते शोरूम होते.

पूर्वपीठिका : ‘डायोरामा’ हा शब्द लुई दागेर आणि शार्ल बूताँ यांनी १८२२ साली पॅरिसमध्ये उभारलेल्या प्रकाशचित्रगृहाचा. पारदर्शक पडद्यांवर रंगवलेली दृश्ये बदलत्या उजेडात दाखवण्याचा तो खेळ होता. पुढे संग्रहालयांनी हा शब्द काचेमागच्या त्रिमित मांडणीसाठी घेतला. मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मातीच्या प्रतिकृती आणि लोकजीवनाचे छोटे देखावे आहेत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या निसर्गविभागात पक्ष्यांचे अधिवास याच पद्धतीने मांडले आहेत. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या ध्यासातून साकारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तिथे रेल्वेसोबत आख्खे शहर उभे आहे, आणि लघुरूपाची शिस्त म्हणजे काय हे मराठी माणसाला घराजवळ पाहता येते. अमेरिकेत फ्रान्सेस ग्लेस्नर ली या बाईंनी १९४० च्या दशकात गुन्ह्याच्या जागांचे १:१२ प्रमाणातले देखावे केले, ते पोलीस तपासनिसांना निरीक्षण शिकवण्यासाठी. बारकाव्याला किती किंमत असते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही.

पण महाराष्ट्रातली खरी पाठशाळा यातली एकही नव्हे. ती आहे दिवाळीतला किल्ला. दगड-विटांचा ढीग, त्यावर ओले पोते, पोत्यावर चिखल, चिखलात पेरलेले अळीव, आरशाच्या तुकड्याचे तळे, पायथ्याशी मावळे. घरातल्या आणि अंगणातल्या निरुपयोगी वस्तूंतून उंची, उतार, वाट आणि वस्ती उभी करण्याचे हे शिक्षण कुणी शिकवणी लावून घेत नाही. किल्ल्यात प्रमाण मात्र सांभाळले जात नाही, मावळा बुरुजाएवढा असला तरी चालतो. गॅरेजच्या देखाव्यात तेवढे चालत नाही. किल्ला करणाऱ्या हाताला फक्त मोजपट्टी द्यायची असते.

प्रमाण : बाजारात मिळणाऱ्या छोट्या गाड्यांमुळे काही प्रमाणे रूढ झाली. १९६८ मध्ये आलेल्या हॉट व्हील्सच्या गाड्या साधारण १:६४, संग्राहकांच्या युरोपीय गाड्या १:४३, मोठी मॉडेले १:२४ आणि १:१८. भंगारातून काम करणाऱ्याने १:२४ घ्यावे. त्यात अर्धा इंच म्हणजे एक फूट, त्यामुळे हिशेब तोंडी होतो. सहा मीटर रुंद आणि नऊ मीटर खोल गॅरेज २५ गुणिले ३७.५ सेंटिमीटरच्या पाटावर बसते. १७० सेंटिमीटर उंचीचा मिस्त्री सात सेंटिमीटरचा होतो, २४ सेंटिमीटरचा पाना एक सेंटिमीटरचा. दोनशे लिटरचे तेलाचे पिंप पावणेचार सेंटिमीटर उंच आणि जेमतेम अडीच सेंटिमीटर रुंद. वीस फुटी कंटेनर २५ सेंटिमीटर लांब, म्हणजे आख्ख्या गॅरेजच्या रुंदीएवढा. त्यामुळे तो आत न ठेवता मागच्या किंवा बाजूच्या कडेला लावावा लागतो, आणि खऱ्या यार्डातही तो तिथेच असतो.

लांबी चोविसाव्या भागाइतकी झाली की आकारमान १३,८२४ व्या भागाइतके उरते. प्रतिकृती पोकळ आणि हलकी वाटते ती यामुळेच. ‘वजन’ मग रंगाने, सावलीने आणि किंचित दबलेल्या टायरने दाखवावे लागते. याची उलट बाजू हमरिया ज्या शारजा अमिरातीत आहे तिथेच पाहायला मिळते. तिथल्या ऑफ-रोड हिस्टरी म्युझियमची हमर मूळ गाडीच्या तिप्पट मापाची आहे, म्हणजे आकारमानाने सत्तावीसपट.

हमरियाचा परिसर : हमरिया हा शारजा अमिरातीचा किनाऱ्यावरचा तुटक तुकडा, अजमान आणि उम्म अल कुवेन यांच्या मधला. इथला फ्री झोन १९९५ मध्ये अमिरी आदेशाने स्थापन झाला. १४ मीटर खोलीचे बंदर, पोलादी बांधकामाचे कारखाने, जहाजांची आणि समुद्रातील तेलउत्खननाच्या मनोऱ्यांची बांधणी-दुरुस्ती, गोदामे आणि कामगारांची निवासस्थाने असा त्याचा पसारा आहे. कोकणातून आणि देशावरून आखातात गेलेल्या फिटर, वेल्डर, मेकॅनिक मंडळींना असे परिसर पुण्या-मुंबईच्या एमआयडीसीइतकेच ओळखीचे असतात.

इथले गॅरेज कोल्हापूरच्या किंवा चिपळूणच्या गॅरेजपेक्षा वेगळे दिसते, आणि तो वेगळेपणा थोड्याच गोष्टींत आहे. भिंत पोकळ सिमेंट ब्लॉकची. ब्लॉक ४० गुणिले २० सेंटिमीटरचा, १:२४ मध्ये पावणेदोन सेंटिमीटरला थोडा कमी. महाराष्ट्रातली वीट याच प्रमाणात एक सेंटिमीटरच्याही आत राहते. हे एक माप चुकले तर शारजाची भिंत सांगलीची होते. शटरवरची पाटी अरबी आणि इंग्रजीत. बाहेरच्या भिंतीवर एसीचे यंत्र, आणि त्याच्याखाली ठिबकणाऱ्या पाण्याचा गंजकट ओघळ. गाड्या मोठ्या : ट्रेलर, फोर्कलिफ्ट, फिरती क्रेन. सगळ्यावर फिकट, पिवळट राखी धुळीचा थर.

वेळही निवडावी लागते. उन्हाळ्यात, १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात, दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हातले काम अमिरातींत कायद्याने बंद असते. हमरियाच्या देखाव्याला याहून चांगला क्षण नाही. अंगणात कुणी नाही, हेल्मेटे खुंटीवर, वेल्डिंगची केबल जमिनीवर तशीच पडलेली, छपराखाली पाण्याचा कूलर आणि उलट्या ठेवलेल्या बादल्यांवर मांडलेले पुठ्ठे. एकही मानवी आकृती न करता कामगारांचा दिवस दाखवता येतो. बाजारात मिळणारे बाहुले बहुधा युरोपीय चेहऱ्याचे असतात, ती अडचणही यातून सुटते.

साहित्य : टाकाऊ वस्तू निवडताना ‘ही कशासारखी दिसते’ हा प्रश्न पुरा पडत नाही. ‘हिचे माप कशाशी जुळते’ हा दुसरा प्रश्न लगेच विचारावा लागतो. पाण्याच्या बाटलीचे तीन सेंटिमीटर व्यासाचे बूच १:२४ मध्ये ७२ सेंटिमीटरचे, म्हणजे जीपगाडीच्या टायरएवढे होते. त्याच्या कडेच्या बारीक खाचा टायरच्या नक्षीसारख्या दिसतात. उंची मात्र जास्त असते, ती कानशीने एक सेंटिमीटरच्या आसपास आणावी. काळा रंग देऊन अशी दहा बुचे एकावर एक रचली की टायरची चळत तयार. पन्हाळी पत्र्याच्या दोन पन्हाळींतले अंतर सुमारे ७६ मिलिमीटर असते, लघुरूपात तीन मिलिमीटरच्या किंचित वर. चार्जर, इस्त्री अशा वस्तूंच्या पातळ खोक्यांचा पुठ्ठा ओलसर करून वरचा कागद अलगद सोलला की आतली नाली जवळजवळ याच मापाची निघते. जाड खोक्याची नाली यासाठी मोठी पडते.

हत्यारांसाठी अन्नाच्या ॲल्युमिनियम डब्यांचा पत्रा कात्रीने कापता येतो. विजेच्या वायरीतली तांब्याची तार वेल्डिंगची केबल होते आणि तिचेच रिकामे आवरण हवेचा पाइप होते. बंद पडलेल्या पेनची स्प्रिंग शॉकअॅब्सॉर्बरला, जुन्या घड्याळाची चाके गिअरबॉक्सला, औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची पारदर्शक फुगवटी गाडीच्या दिव्याला. आइस्क्रीमच्या काड्या उभ्या चिरल्या की लाकडी पॅलेटच्या पट्ट्या मिळतात. चेन ब्लॉक करायला तुटलेल्या साखळीचा तुकडा पुरतो, फक्त तिच्या कड्या शक्य तितक्या बारीक हव्यात.

किनाऱ्यावरची वाळू अंगणात पसरण्याचा मोह सगळ्यांना होतो. ती चूक आहे. पाव मिलिमीटरचा कण १:२४ मध्ये सहा मिलिमीटरची खडी होतो. जमिनीवर वाळूऐवजी खडी पडल्यासारखे वाटते आणि डोळ्याला नेमके काय खटकते ते कळत नाही. धुळीसाठी खडूची पूड, सिमेंट किंवा कापडातून गाळलेली माती घ्यावी. पाणी आणि तेल यांचेही असेच. द्रवाचा थेंब लहान होत नाही, तो आपल्या मापानेच पडतो. खरे इंजिन ऑइल पुठ्ठ्यात शोषले जाऊन महिनोन्‌महिने पसरत राहते. तेलाचा डाग काळपट तपकिरी रंगात थोडे वॉर्निश मिसळून काढावा.

गंज मात्र खरा वापरता येतो, कारण त्याची पूड हवी तितकी बारीक होते. भांडी घासायच्या लोखंडी तारेचा चोथा मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून वाळवला की दोन दिवसांत हवा तो तांबूस भुगा मिळतो. तो कुठे लावायचा हे पाहून ठरवावे. पत्र्याच्या मधोमध गंज क्वचित धरतो. तो खिळ्याच्या छिद्राभोवती, कापलेल्या कडेला आणि पाणी साचते त्या तळाशी धरतो. जमिनीवर सर्वांत काळा भाग इंजिनखाली, त्याहून फिका वर्कबेंचपुढे मिस्त्री उभा राहतो तिथे. भिंतीवर हाताच्या उंचीला, म्हणजे लघुरूपात चार-पाच सेंटिमीटरवर, बटणांच्या पाटीभोवती काळपट डाग. हे डाग जागेवर असतील तर बाकीचे काम ओबडधोबड असले तरी क्षम्य. माझ्या मते या कलेचा एकच खरा परीक्षक असतो, तो म्हणजे गॅरेजात काम केलेला माणूस. ‘जॅक चुकीच्या जागी लावलाय’ असे तो म्हणाला तर देखावा फसला.

हवामान : हमरियासारख्या दमट किनाऱ्यावर झटपट चिकटणारा गोंद आणखी लवकर पकडतो, कारण तो हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो. बंद डब्यात त्याची वाफ कोंडली तर पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी बुरशीसारखी छटा धरते, म्हणून गाडीच्या काचा शेवटी बसवाव्यात. फेविकॉलसारखा पांढरा गोंद उलट सावकाश वाळतो, त्याला एसीच्या खोलीत रात्र द्यावी. ग्लू गनचा गोंद उन्हात उभ्या बंद गाडीत पुन्हा मऊ होतो आणि भिंती कलतात. थर्माकोलवर स्प्रे रंग मारल्यास त्यातल्या द्रावकाने तो विरघळतो. महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ पासून बंदीही आहे, त्यामुळे पुठ्ठ्याची सवय करून घेणे दोन्हीकडे फायद्याचे.

सावधगिरी : औद्योगिक परिसरातले सगळेच भंगार हात लावण्याजोगे नसते. जुने गॅस्केट, ब्रेकचे लायनर आणि सिमेंटचे जुने पत्रे यांत अॅस्बेस्टॉस असू शकते. ते कापू किंवा घासू नये. त्याचे तंतू फुप्फुसात राहतात. बॅटरीचे भाग, काचलोकर आणि तेलकट चिंध्याही टाळाव्यात. दुसरी गोष्ट कायद्याची. फ्री झोनमधला माल सीमाशुल्काच्या दृष्टीने देशाच्या बाजारपेठेबाहेरचा मानला जातो आणि फाटकातून बाहेर पडणाऱ्या मालाला कागदपत्रे लागतात. भंगारालाही मालक असतो आणि त्याची नोंद असते. म्हणून कंपनीच्या ढिगातला तुकडा विचारल्याशिवाय उचलू नये. वर सांगितलेले जवळजवळ सर्व साहित्य, म्हणजे बुचे, खोकी, डबे, पेन, औषधाची पाकिटे, कामगाराच्या स्वतःच्या खोलीतच निघते.

महाराष्ट्रातला विषय : हेच गॅरेज मुंबईचे करायचे असेल तर भिंत विटांची, तिच्यावर मारुतीची तसबीर, शटरला लिंबू-मिरची, पाटी मराठीत. खंडेनवमीचा दिवस निवडला तर पाने आणि जॅक धुऊन पाटावर मांडलेले, त्यांवर हळद-कुंकू आणि झेंडू. पिवळ्या लोकरीच्या बारीक गाठी मारल्या की झेंडू होतो. मधोमध उभी करायला काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी. ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ३० ऑक्टोबर २०२३ पासून गेली, आणि तिच्या दुरुस्तीवर चालणारी छोटी गॅरेजेही कामे बदलत आहेत. वाचकांपैकी कुणाच्या गल्लीत असे गॅरेज अजून उघडे असेल, तर मिस्त्रींना विचारून त्याची लांबी, रुंदी आणि शटरची उंची आजच वहीत लिहून घ्यावी. देखावा पुढच्या दिवाळीत केला तरी चालेल.