राखेचा सल्ला कोणत्या मातीचा?



"झाडाला राख घाल, हिरवंगार होईल," हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. आम्हीही चुलीतली राख वर्षानुवर्षं परसबागेत ओतली. कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तरी आणखी राख घातली. मग विचार केला, हा सल्ला मुळात कुठल्या मातीचा?

कोकणात भाताचं रोप टाकण्याआधी राब भाजतात. शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून जाळायच्या आणि पाऊस आला की तिथंच बी पेरायचं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या जंगलखात्यानं फांद्या तोडायला अडवलं, तेव्हा ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्यांनी राबासाठी गाऱ्हाणी मांडली. तिथं धो धो पावसानं मातीतला चुना वाहून जातो, माती आंबट होते. राख त्या आंबटपणाला उतारा.

आपल्या परभणीची काळी माती उलटी. तिच्यात चुनखडी आहे आणि पोटॅशही बहुधा पुरेसं असतं. राखेतही चुना आणि पोटॅशच. अशा मातीत लोह, जस्त असूनही मुळांना उचलता येत नाही. राखेनं हे दुखणं वाढतं. पिवळी पानं तेच सांगत होती.

आणि गोवऱ्या जाळल्या की शेणातला नत्र धुरात जातो, राखेत उरत नाही. १८८९ साली इंग्लंडहून डॉ. व्होल्कर आपली शेती पाहायला आले. शेतकरी अडाणी म्हणून शेण जाळत नाहीत, सरपण मिळत नाही म्हणून जाळतात, असं त्यांनी अहवालात लिहिलं. चुलीपाशी बसणाऱ्या बाईला हे आधीच ठाऊक होतं!

पुढं १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला, आपल्यासारख्याच काळ्या मातीत, अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेण, गोठ्यातली मुतानं भिजलेली माती, पऱ्हाट्या, तण यांचं कंपोस्ट बसवलं. तेच इंदूर पद्धतीचं खत.

मग राख फेकायची का? नाही. मावा पडला तर पानांवर चिमूटभर धुरळा, खताच्या खड्ड्यात थोडी भुरभुरवा. झाडाच्या बुडाशी मात्र रोज ओतू नका.

परसबागेची माती एकदा तपासून घ्या. पत्रिकेवर 'सामू' बघा. सातच्या वर असेल तर राख नको, शेणखत द्या. आणि पुढच्या वेळी कुणी सल्ला दिला तर आधी विचारा, "बाई, तुमची माती कोणती?"